नहरीचा मनोरा आणि स्वतःची निगा राखणारा डेटाबेस

छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीपाशी उभे राहिले की उंचावरून हौदात कोसळणारे पाणी दिसते. ते पाणी इथवर ढकलणारा पंप मूळ रचनेत नव्हताच. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नळांतून उताराने यायचे आणि उंचावरून पडताना जाते फिरवायचे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी या जात्यावर पीठ दळले जाई.

या शहराला भूमिगत नहरींची विद्या दिली ती निजामशाहीच्या मलिक अंबरने. 1610 मध्ये त्याने हे शहर खडकी या नावाने वसवले आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधून घेतली. पाणचक्कीची नहर त्यानंतरची, पण विद्या तीच. उताराने येणाऱ्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि खापरी नळ फुटू शकतो. नळात हवा अडकली तर प्रवाह तुंबतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडविटांचे मनोरे उभारले. पाणी मनोऱ्यात चढते, अडकलेली हवा वर निघून जाते, जादा दाब तिथेच मोडतो आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढे निघते. दाब कमी-जास्त करायला तिथे चोवीस तास माणूस बसवावा लागत नाही. मात्र त्याच कारागिरांनी नहरीवर माणूस आत उतरू शकेल अशी तोंडेही ठेवली. गाळ काढायला आणि गळती पाहायला उतरण्याची ती वाट होती.

रोजची जुळवाजुळव रचनेवर सोपवायची आणि माणसाला आत डोकावायला वाट ठेवायची, असे हे दोन निर्णय. स्वतःची व्यवस्था स्वतः पाहणारे डेटाबेस बांधताना संगणकशास्त्र गेली पन्नास वर्षे याच दोन निर्णयांशी झगडते आहे.

तलाठ्याच्या दप्तरातला डेटाबेस

डेटाबेस ही वस्तू आपल्याला वाटते तितकी परकी नाही. गावच्या दप्तरात ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून होती. सातबाऱ्याचे उतारे गट क्रमांकाने लावलेले असतात. गट क्रमांक 112 हवा असेल तर तो लगेच निघतो. पण एका खातेदाराच्या नावावर गावात कुठे कुठे जमीन आहे, असे विचारले तर सगळे सातबारे चाळावे लागतील. म्हणून गाव नमुना आठ-अ असतो. तो तीच जमीन खातेदाराच्या नावाने मांडतो. डेटाबेसच्या भाषेत सातबारा हे टेबल आणि आठ-अ हा त्याचा इंडेक्स.

तिसरी वही म्हणजे नमुना सहा, फेरफार नोंदवही. जमीन विकली किंवा वारस लागले तर आधी फेरफार लिहिला जातो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. डेटाबेसही असेच करतो. बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग टेबलात उतरवतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू झाल्यावर तो लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार टेबलात पोचवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. लॉगवरून अशी सावरासावर नेमकी कशी करायची, याची आज सर्वत्र मान्य असलेली पद्धत भारतीय वंशाचे संशोधक सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘आरीज’. लोडशेडिंगमध्ये संगणक अचानक बंद पडला तरी पतपेढीचे हिशेब दुसऱ्या दिवशी जुळतात ते या जातीच्या यंत्रणेमुळे. डेटाबेसने स्वतःला बरे करण्याची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भरवशाची रीत आहे.

या सगळ्याची देखभाल करतो तो डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए. कुठल्या टेबलावर कोणते इंडेक्स हवेत, कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, जुना कचरा कधी साफ करायचा, बॅकअप कधी घ्यायचा, कोणाला काय पाहू द्यायचे, काल दोन सेकंदांत येणारा अहवाल आज दोन तास का घेतो आहे, हे सगळे त्याच्याकडे. यातले यंत्रावर काय सोपवता येईल, हा आपला प्रश्न.

पहिली पायरी: वाट कोणी शोधायची?

1970 मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तोवर माहिती काढायची तर ती कुठल्या कप्प्यात आहे आणि तिथे कसे पोचायचे, हे प्रोग्रामरला सांगावे लागे. कॉड यांचे म्हणणे असे की माणसाने फक्त काय हवे ते सांगावे, वाट यंत्राने शोधावी. 1979 मध्ये आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाट शोधण्याची रीत दाखवली. प्रत्येक संभाव्य मार्गाचा खर्च अंदाजाने काढायचा आणि सर्वांत स्वस्त मार्ग घ्यायचा. हे काम करणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात.

सगळी मेख त्या अंदाजात आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला ती पैसेवारीवरून चटकन कळेल. गावातले प्रत्येक शेत कापून तोलता येत नाही. आधी नजर पैसेवारी लागते, नंतर सुधारित आणि शेवटी अंतिम. दुष्काळाची मदत वर्षानुवर्षे तिच्यावर ठरत आली, त्यामुळे अंदाज चुकला तर पुढचे सगळे चुकायचे. डेटाबेसही सगळ्या ओळी मोजत बसत नाही. पोस्टग्रेसक्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस मूळ मांडणीत एका टेबलातल्या साधारण 30,000 ओळींचा नमुना घेऊन आपले आडाखे बांधतो. एखाद्या मोठ्या बँकेत हंगामाच्या आठवड्यात लाखो नवी पीककर्ज खाती पडली आणि आडाखे मात्र गेल्या महिन्याचे राहिले, तर ऑप्टिमायझर भलतीच वाट धरतो. दोन सेकंदांचा अहवाल दोन तासांवर जातो तो अशा वेळी.

यावर दोन दिशांनी काम झाले. एक, नमुने आपोआप आणि वेळेवर ताजे करायचे. दुसरी दिशा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंशुमन दत्त आणि जयंत हरित्सा यांनी 2014 मध्ये मांडली. ज्या अंदाजांचा भरवसा नाही ते करायचेच नाहीत. आधीपासून निवडलेल्या मोजक्या मार्गांपैकी स्वस्त मार्ग आधी चालून पाहायचा, ठरलेल्या खर्चात काम संपले नाही तर पुढचा घ्यायचा. सर्वांत वाईट प्रसंगी किती जादा खर्च होईल याची हमी त्यातून देता येते. पैसेवारी चुकण्याचा अनुभव असलेल्या माणसाला या हमीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी पायरी: इंडेक्सची निवड

इंडेक्स उपयोगी असतो, मग प्रत्येक रकान्यावर एक का करू नये? कारण प्रत्येक फेरफारासोबत आठ-अही बदलावा लागतो. असे दहा इंडेक्स असले तर एका नोंदीमागे दहा ठिकाणी दुरुस्ती. वाचणे वेगवान होते, लिहिणे रेंगाळते. त्यात पर्यायांची संख्या झपाट्याने वाढते. 20 रकान्यांच्या टेबलावर एका रकान्याचे 20 इंडेक्स शक्य आहेत, दोन रकान्यांचे क्रमवार 380 आणि तीन रकान्यांचे 6,840. शंभर टेबले असली तर माणसाने निवडायचे काय?

1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात सुरजित चौधरी यांनी ‘ऑटोअ‍ॅडमिन’ प्रकल्प सुरू केला. त्याच वर्षी डेटाबेस संशोधकांची व्हीएलडीबी ही जागतिक परिषद मुंबईत भरली होती. पुढच्याच वर्षीच्या व्हीएलडीबीत चौधरी आणि विवेक नरसय्या यांनी इंडेक्स सुचवणाऱ्या साधनाचा निबंध वाचला. त्यातली युक्ती सुरेख आहे. इंडेक्स प्रत्यक्ष बांधायला वेळ लागतो, म्हणून तो न बांधताच ऑप्टिमायझरला विचारायचे की असा इंडेक्स असता तर तू कोणती वाट घेतली असतीस आणि खर्च किती आला असता? उत्तर मिनिटभरात येते. विहीर खणण्याआधी भूजल पाहून घेण्यासारखे हे काम. 1998 मध्ये हे साधन मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर 7.0 या डेटाबेससोबत ग्राहकांच्या हाती आले आणि 2007 मध्ये त्या निबंधाला व्हीएलडीबीचा दहा वर्षांतील प्रभावाचा पुरस्कार मिळाला.

हे साधन फक्त सल्ला देत होते, इंडेक्स बांधायचा की नाही हे माणूस ठरवायचा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर सेवेत ग्राहकांचे लाखो डेटाबेस एकत्र आले. त्यातल्या बहुतेकांकडे डीबीए नव्हताच, तेव्हा सल्ला ऐकायचा कोणी? तिथे यंत्र स्वतः इंडेक्स बांधू लागले. पण बांधून ते थांबत नाही. आधीचा आणि नंतरचा वेग प्रत्यक्ष मोजते आणि काम सावकाश झाले असेल तर इंडेक्स काढून टाकते. या शेवटच्या पायरीवर माझा सर्वाधिक भर आहे. करून पाहा, मोजा, बिघडले तर उलटवा. ज्या कामाला या तिन्ही गोष्टी लागू पडतात ते यंत्राकडे निर्धास्त द्यावे.

तिसरी पायरी: शरीरासारखी यंत्रणा

2001 मध्ये आयबीएमचे संशोधनप्रमुख पॉल हॉर्न यांनी संगणक क्षेत्राला इशारा दिला की यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या होत आहेत की त्या सांभाळायला माणसे पुरणार नाहीत. त्यांनी दाखला दिला शरीराचा. हृदयाचे ठोके, घाम, डोळ्यातल्या बाहुलीचे आकुंचन आपण ठरवत नाही, मज्जासंस्था परस्पर सांभाळते. यंत्रणेनेही स्वतःची मांडणी करावी, स्वतःला बरे करावे, कामाचा वेग सुधारावा आणि स्वतःचे रक्षण करावे, या त्यांच्या चार अपेक्षा. त्यासाठी एक चक्र सुचवले गेले. निरीक्षण, विश्लेषण, योजना, अंमल आणि पुन्हा निरीक्षण.

मेमरीच्या वाटपात हे चक्र उत्तम चालले. आयबीएमच्या डीबी2 या डेटाबेसच्या 2006 च्या आवृत्तीत मेमरी आपोआप फिरू लागली. दिवसा शेकडो छोटे व्यवहार असताना एका कप्प्यात, रात्री मोठे अहवाल निघताना दुसऱ्या कप्प्यात. रोज संध्याकाळी हे हाताने करणाऱ्या डीबीएची त्या कामातून सुटका झाली.

कचऱ्याची गोष्ट याहून बोधक आहे. पोस्टग्रेसक्यूएल एखादी ओळ बदलताना जुनी ओळ लगेच खोडत नाही, कारण दुसरा कोणी ती वाचत असू शकतो. जुन्या ओळी साचतात. त्या साफ करण्याचे काम पूर्वी माणूस वेळापत्रकाने लावायचा. 2005 मध्ये ही सफाई आपोआप करण्याची सोय मूळ प्रणालीत आली आणि 2008 पासून ती मुळातच चालू मिळू लागली. सफाईचा संबंध फक्त जागेशी नाही. प्रत्येक व्यवहाराला 32 बिटांचा क्रमांक मिळतो, म्हणजे सुमारे 429 कोटी क्रमांक, आणि ते चक्राकार वापरले जातात. जुने क्रमांक वेळेवर मोकळे केले नाहीत तर नवे आणि जुने यांत गल्लत होईल, म्हणून धोका जवळ आला की डेटाबेस नवीन नोंदी घेणेच थांबवतो. 2015 च्या जुलैत सेंट्री या अमेरिकी सेवेवर हीच वेळ आली आणि कामाच्या दिवसाचा मोठा भाग ती बंद राहिली. स्वयंचलित सफाई सुरू होती, पण कामाच्या वेगापुढे ती पुरी पडली नाही. चालू आहे आणि पुरते आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नहरीत पाणी वाहत असते, तळाला गाळही चढत असतो. तो पाहायला कोणीतरी आत उतरावेच लागते.

त्यानंतरची दहा वर्षे वेगवान गेली. 2017 मध्ये ओरॅकलने ‘ऑटोनॉमस’, म्हणजे स्वायत्त, डेटाबेस जाहीर केला. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँडी पावलो यांच्या गटाने ‘ऑटरट्यून’ मांडला. आधीच्या डेटाबेसांच्या अनुभवावरून शिकून तो नव्या डेटाबेसची बटणे, म्हणजे मांडणीतली मूल्ये, जुळवायचा. आजच्या पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशी तीनशेहून अधिक बटणे आहेत आणि एक फिरवले की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. महाराष्ट्रातही या विषयाची जाण जुनी आहे. डेटाबेसचे अभ्यासक आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. 2015 मध्ये टीसीएसने ‘इग्निओ’ बाजारात आणले. कंपन्यांच्या संगणक यंत्रणांतले बिघाड ओळखून परस्पर दुरुस्त करणाऱ्या या प्रणालीची जडणघडण पुण्याच्या संशोधन केंद्रात झाली.

43 सेकंद आणि सहा तास

आता दोन अपघात सांगतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने ते पाठ करावेत.

21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटहब या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क एका दुरुस्तीच्या कामात 43 सेकंद तुटला. देखरेख करणाऱ्या यंत्राने ठरल्याप्रमाणे कारभार पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसकडे सोपवला. पण तुटण्याआधीच्या क्षणांत पूर्वेला झालेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. एकाच गटाचे दोन सातबारे तयार झाले, दोन्ही खरे, दोन्ही अपुरे. माणसांनी घाई न करता माहितीचा खरेपणा आधी, वेग नंतर, असे ठरवले. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली. यंत्राने नेमून दिलेलेच काम केले होते. ज्या निर्णयातून परत फिरता येत नाही तो त्याच्या हाती दिला गेला होता, चूक तिथे होती.

दुसरा अपघात 31 जानेवारी 2017 चा, गिटलॅब या कंपनीचा. रात्री उशिरा थकलेल्या अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरला. बॅकअपचे पाच उपाय होते, त्यातला एकही धड चालत नव्हता. रोजचा स्वयंचलित बॅकअप आवृत्ती न जुळल्याने फसत होता आणि तो फसल्याचे सांगणारे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी घेतलेली प्रत हाती लागली. सहा तासांची माहिती कायमची गेली. एक गोष्ट कौतुकाची. कंपनीने काहीही न लपवता सगळा घटनाक्रम जगासमोर ठेवला, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

कोणते काम कोणाकडे?

या दोन अपघातांमधून कामाची वाटणी स्पष्ट होते. जे मोजता येते आणि उलटवता येते ते यंत्राचे. इंडेक्स, मेमरी, आडाखे ताजे करणे, सफाई, नेहमीच्या दुरुस्त्या यात येतात. यंत्र यात माणसापेक्षा सरस आहे, कारण ते रात्री तीनलाही कंटाळत नाही. ज्यातून परत फिरता येत नाही ते माणसाचे. माहिती कायमची पुसणे, दोन प्रतींपैकी खरी कोणती हे ठरवणे, कोणाला काय पाहू द्यायचे हे ठरवणे, किती नुकसान सोसता येईल याची मर्यादा आखणे, ही कामे त्यात येतात. पतपेढीतल्या ठेवीदाराची माहिती कोण पाहील याचे उत्तर मोजमापातून निघत नाही. ती जबाबदारी आहे आणि जबाबदारीला नाव-सही असलेला माणूस लागतो. फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याची सही लागते ती याचसाठी. आज सातबारा डिजिटल सहीने घरबसल्या मिळतो, 2021 पासून शेतकरी आपली पीक पाहणी मोबाइलवरून नोंदवतो, तरी वादाच्या नोंदीवर निर्णय द्यायला माणूसच बसतो आणि तेच योग्य आहे.

मराठवाड्यात दरवर्षी हजारो मुले-मुली संगणकाचे शिक्षण पुरे करतात. डीबीएचे काम आता यंत्र करणार, मग आम्ही हे शिकायचे कशाला, असे ती विचारतात. माझे उत्तर सरळ आहे. बटणे पाठ करण्यावर करिअर उभारू नका, ते दिवस संपले. ऑप्टिमायझर अंदाज कसा बांधतो, लॉग कसा लिहिला जातो, दोन प्रती वेगळ्या का पडतात, हे खोलात शिका. स्वयंचलित डेटाबेस अडतो तेव्हा तो अशाच ठिकाणी अडतो, आणि तिथे कारण शोधून काढणाऱ्या माणसाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

या शहराच्या नहरींचे काय झाले, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्यांची रचना चुकली नव्हती. शहर वाढले, नळांवर बांधकामे झाली, तोंडे बुजली, गाळ काढायला उतरणारे हात कमी झाले. आपोआप चालते म्हणून कोणी पाहिले नाही, आणि पाहिले नाही म्हणून बहुतेक नहरी कोरड्या पडल्या.

तुमच्या संस्थेत, दवाखान्यात, पतपेढीत किंवा दुकानात एखादा डेटाबेस आपोआप चालत असेल आणि रात्री त्याचा बॅकअपही आपोआप होत असेल. या महिन्यात एक दिवस ठरवा. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, उघडा, कालच्या दहा नोंदी कागदाशी ताडून पाहा. जुळल्या तर तुमच्याकडे बॅकअप आहे. न जुळल्या तर आज कळले हे बरे झाले, दुरुस्तीला अजून वेळ आहे.